क्रीडांगणावरून : पंचरंगी सामन्यांची हकीकत

गिरगांव-दादरकडील घरांत जुन्या गोष्टी निघाल्या, कीं 'पंचरंगी' हा शब्द हटकून येतो; आणि मुलें विचारतात, हे रंग कसले ? रंग म्हणजे संघ, व संघ म्हणजे धर्म, हें उत्तर ऐकून तीं चकित होतात. म्हणून अवघीं नऊ वर्षें जगलेल्या या क्रिकेट-सामन्यांची हकीकत त्यांना नीट सांगितली पाहिजे.

मूळ बरेंच जुनें आहे. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने होत. १९०७ मध्यें हिंदू मिळाले, ते तिरंगी झाले; १९१२ मध्यें मुसलमान मिळाले, चौरंगी झाले. १९३७ मध्यें ख्रिस्ती वगैरेंचा 'रेस्ट', म्हणजे उरलेल्यांचा, संघ आला आणि पंचरंगी सुरू झाले. त्याच वर्षीं चर्चगेटजवळ ब्रेबोर्न स्टेडियम उघडलें; पण तेथील जागांच्या वाटणीवरून वाद होऊन हिंदू संघ त्या वर्षीं खेळलाच नाहीं !

खेळ मात्र अपूर्व झाला. १९४३ च्या अंतिम सामन्यांत विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० धावा काढल्या व हिंदूंनीं ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावांत सांगलीचे विजय हजारे यांनीं ३८७ पैकीं ३०९ धावा एकट्यानें केल्या. बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धावांची भागी केली. तींत विवेक यांचा वांटा अवघा २१! तरीहि रेस्ट एक डाव ६१ धावांनीं हरले. पुढच्याच वर्षीं इब्राहिम यांच्या नाबाद १३७ धावांच्या बळावर मुसलमानांनीं हिंदूंना एका गड्यानें हरविलें.

परंतु १९४० च्या डिसेंबरांतच गांधीजींनीं धर्मवार संघांस विरोध दर्शविला होता. १९४२ मध्यें चळवळीमुळें सामने झाले नाहींत, आणि १९४६ मध्यें ते कायमचे बंद पडले. झालेल्या आठ स्पर्धांपैकीं हिंदू व मुसलमान यांनीं चार-चार जिंकल्या.

खेळाडू घडले, हें खरें. पण विजय देशाचा न राहतां धर्माचा होऊं लागला, हेंहि तितकेंच खरें. ज्या हजाऱ्यांना 'उरलेल्यां'त गणलें, त्यांच्याच नेतृत्वाखालीं १९५२ मध्यें मद्रासेस भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला. मुलांना ३०९ चा आंकडा सांगतांना ही गोष्टहि अवश्य सांगावी.