बाबासाहेब पडद्यावर आले, पण पडदा कुणाचा?

2023 साली ‘ओरिजिन’ आला आणि आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने स्टेटस ठेवले: हॉलिवूडमध्ये बाबासाहेब! इझाबेल विल्करसन यांच्या ‘कास्ट’ या पुस्तकावर बेतलेल्या या चित्रपटात गौरव पठानिया बाबासाहेबांच्या भूमिकेत आहेत, तर सूरज एंगडे स्वतःच्याच. आनंद रास्त आहे. पण हा चित्रपट करणाऱ्या एव्हा डुव्हर्ने तिथवर पोहोचल्या कशा, हे आपण विचारले का?

डुव्हर्ने फिल्म स्कूलमध्ये शिकलेल्या नाहीत. इतरांच्या चित्रपटांची प्रसिद्धी करणे हा त्यांचा व्यवसाय. म्हणूनच त्यांना एक गोष्ट नेमकी ठाऊक होती: चित्रपट बनवणारा नव्हे, तो लोकांपर्यंत नेणारा सत्ता चालवतो. ‘आय विल फॉलो’ त्यांनी अवघ्या 50,000 डॉलरच्या आसपास बनवला. वितरकांच्या दारात उभे राहण्यापेक्षा त्यांनी 2010 मध्ये कृष्णवर्णीयांच्या चित्रपट महोत्सवांची मोट बांधून स्वतःची वितरण संस्था काढली आणि पुढच्या वर्षी तिच्यामार्फतच तो प्रदर्शित केला. 2012 मध्ये ‘मिडल ऑफ नोव्हेअर’साठी सनडान्सचा दिग्दर्शन पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरल्या.

पुढे ‘सेल्मा’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नामांकन मिळाले, दिग्दर्शनाचे मात्र नाही. प्रस्थापित व्यवस्था टाळी वाजवते, खुर्ची देत नाही. डुव्हर्ने यांनी आपली खुर्ची आपणच बनवली, आणि दुसऱ्या स्त्रियांसाठीही. ‘क्वीन शुगर’ या त्यांच्या मालिकेचा प्रत्येक भाग स्त्रियांनी दिग्दर्शित केला आहे.

आता आपल्याकडे पाहू. कुणी म्हणेल, अमेरिकेत पैसा आहे; ‘ओरिजिन’मागे तर फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्था होत्या. खरे आहे. पण सुरुवात त्या पैशावर झालेली नव्हती. आणि स्वतःचे माध्यम उभारणे आपल्याला नवीन नाही. 1920 मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. आंबेडकरी जलसे थिएटरशिवाय गावोगावी पोहोचले. आजही चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर कुठल्याही बड्या वितरकाशिवाय ढिगाने पुस्तके विकली जातात. जे पुस्तकाला जमते ते चित्रपटाला का जमू नये? गावोगावी विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत, प्रेक्षक आहे. नाही ती फक्त साखळी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जयंतीच्या वर्गणीतला जो पैसा डीजेवर उडतो, त्यातला दहावा हिस्सा प्रोजेक्टर आणि पडद्यासाठी बाजूला काढा. महिन्यातून एक चित्रपट, तोही तिकीट लावून, कारण फुकट दाखवलेल्या चित्रपटाचा दिग्दर्शक दुसरा चित्रपट बनवू शकत नाही. आणि यातला निम्मा वाटा आपल्या लेकीबाळींच्या चित्रपटांना द्या. स्वागतगीताला मुली पुढे आणि कॅमेऱ्यामागे फक्त पोरे, हे चित्र हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बापाच्या लेकरांना शोभत नाही.

दुसऱ्याच्या पडद्यावर बाबासाहेब दिसले म्हणून नाचणे सोपे आहे. आपला पडदा उभारणे कष्टाचे आहे, आणि ते काम आपल्यासाठी दुसरे कुणी करणार नाही.

जय भीम!