बालसंगोपन : पाय दुखतो कीं लुळा पडतो ?

काल अंगणांत हुंदडणारें मूल आज अंथरुणावरून उठेना, कीं घरांत प्रथम तेलाची वाटी पुढें येते. परंतु तत्पूर्वीं एक गोष्ट पारखून घ्यावी : मूल वेदनेमुळें चालत नाहीं, कीं पायांतील बळच गेलें आहे ? त्यास उताणें निजवून आईच्या तळहातावर पाऊल लोटावयास सांगावें.

इन्फ्लुएंझाचा ताप उतरतांना कित्येक मुलांच्या पोटऱ्या एकाएकीं धरतात. मूल चवड्यांवर चालतें, पोटरी दाबल्यास कळवळतें. पण पाऊल जोरानें लोटतें. हें दुखणें विश्रांतीनें बहुधा आठवडाभरांत निवळतें. लघवी चहासारखी काळसर झाल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. ताप असून एकच सांधा ठणकत असेल व पाय टेकवत नसेल, तर सांध्यांत पू झाल्याची शंका धरून त्याच दिवशीं दाखवावें.

पाऊल लोटण्याची शक्तीच नसेल, दोन्ही पाय लुळे पडून अशक्तता वर चढूं लागली असेल, तर क्षणाचाही विलंब नको. २०२५ च्या जानेवारींत पुण्यांत ज्याची साथ आली, त्या गिलान-बारे रोगाचें हें लक्षण असूं शकतें. त्यांत श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. या रोगांतही मुलांचे पाय दुखतात. म्हणून केवळ वेदनेचें निमित्त धरून निश्चिंत राहूं नये.

नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा भारतांतील शेवटचा रोगी २०११ सालीं आढळला. तरीही पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय एकाएकीं लुळे पडल्यास शौचाचे नमुने तपासले जातात. ते मागितल्यास घरांतील मंडळींनीं संकोच करूं नये.