आधी मांस, मग शिंगं

अलास्कात मूस मारणाऱ्याला शिंगं आधी उचलता येत नाहीत. खाण्याजोगं सगळं मांस जागेवरून हलवायचं आणि शिंगं फार तर शेवटच्या खेपेबरोबर न्यायची, असा कायदाच आहे. मी माळकरी घरातला, आजही मांस खात नाही. पण नोकरीनिमित्त फेअरबँक्सला राहतो आणि गेल्या सप्टेंबरात मित्राच्या आग्रहाखातर तनाना नदीच्या खोऱ्यात त्याच्याबरोबर शिकारीला गेलो. शिकारी कुणाला म्हणावं, हे मला या नियमामुळे कळलं.

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. दांडगा नर सातशे किलोपर्यंत भरतो. परवाना आणि बंदूक मित्राची, माझ्याकडे ओझं वाहायचं काम. पहाटे तो मूसच्या खांद्याचं वाळलेलं हाड झुडपांवर घासायचा. नर झुडपांवर शिंगं घासतो तेव्हा असाच आवाज येतो, आणि तो ऐकून दुसरा नर पुढे येतो. एक आलाही. त्या भागात मोठा नर मारायचा तर शिंगांचा विस्तार 50 इंच हवा, नाहीतर कपाळाजवळचे फाटे ठरलेल्या संख्येइतके हवेत. मित्राने दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं, खात्री पटली नाही, म्हणून त्याला जाऊ दिलं. नंतरचा नर पाणथळीत उभा होता. तो पाण्यात पडला असता तर मांस धड काढता आलं नसतं. नर कोरड्या उंचवट्यावर चढेपर्यंत मित्र थांबला आणि मग एकच गोळी झाडली.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. कातडं सोलणं, चारही तंगड्या सोडवणं, मान, बरगड्या आणि पाठीचं मांस काढणं, सगळं कापडी पिशव्यांत भरून सावलीत वाऱ्याला टांगणं. मोठ्या नराचं सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस निघतं. ते पाठीवर घेऊन चिखलातून होडीपर्यंत पुन्हा पुन्हा जायचं, आणि अस्वल येईल म्हणून सतत सावध राहायचं. अंधार पडला तरी मित्राने बरगड्यांवरचं मांस सोडलं नाही. शिंगं त्या सगळ्या वेळात गवतात पडून होती.

तिथे मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस कैद आणि अडीच हजार डॉलर दंड आहे. रस्त्यावर गाडीखाली मेलेला मूससुद्धा सरकारच्या मालकीचा असतो आणि त्याचं मांस धर्मादाय संस्थांमार्फत गरजूंपर्यंत जातं.

मुळात मारायचंच कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. अलास्कात पावणेदोन ते दोन लाख मूस आहेत आणि वर्षाला साधारण सहा ते आठ हजार मारले जातात. कुठे, कधी आणि कोणता नर मारायचा, हे भागाभागातली संख्या पाहून ठरतं. मित्राच्या घरी त्या मांसावर हिवाळा निघतो. आपल्याकडे असं चित्र नाही. साहेबांनी आणि संस्थानिकांनी भिंतीवरच्या मुंडक्यांसाठी आणि छायाचित्रांसाठी जंगलं रिकामी केली. म्हणूनच 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा हवाच होता आणि आजही तो ढिला करण्याचं कारण नाही.

पण जनावराचा जीव घेणाऱ्याची जबाबदारी गोळीबरोबर संपत नाही, हे अलास्काने कायद्यात लिहून ठेवलं आहे. मांस खाणाऱ्याने ते मान्य करावं, माझ्यासारख्या न खाणाऱ्यानेही करावं. यापुढे कुणाच्या हातात शिंगं धरलेला फोटो दिसला, तर वाहवा किंवा शिवीगाळ करण्याआधी एवढंच विचारा : मांस कुठे गेलं? ज्याला याचं उत्तर देता येत नाही, त्याला शिकारी म्हणू नका.