जुनं विसरायचं कोणी?



‘काळ बदलला, जुनं ज्ञान टाका, नवं शिका,’ असं कंपन्या कामगारांना बजावत असतात. यंत्र बदललं की बाईनं पुन्हा शिकायचं, नाहीतर घरी बसायचं. पण व्यवस्थापनाच्या डोक्यातल्या जुन्या ज्ञानाचं काय?

मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या एका विभागात नियम होता : लग्न झालं की बाईची नोकरी संपली. का, तर विवाहित बाया खाडे जास्त करतात! बॉम्बे लेबर युनियननं हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९६५ साली न्यायालयानं सांगितलं की, या समजुतीला आधार नाही. फरक पडतो तो बाळंतपणाच्या रजेपुरता, आणि तेवढ्यासाठी बदली माणसं ठेवता येतात.

तो नियम रद्द झाला, पण समजूत तशीच राहिली. १९८१ साली एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवण्याची अट न्यायालयानं मोडीत काढली. चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट मात्र उचलून धरली. २०२४ सालीही तामिळनाडूतल्या एका फोन जुळणी कारखान्यात विवाहितांना घेत नसल्याच्या बातम्या आल्या.

यात बाईची रोजी बुडते आणि कंपनीही शिकवून तयार केलेले हात गमावते. तेव्हा आपापल्या भागात मुलाखतीला ‘लग्न कधी करणार?’ असं कुठे विचारतात, ते टिपून ठेवा. हा प्रश्न बंद व्हावा, ही मागणी युनियनच्या मागणीपत्रात घालायला लावा.