कारला पास, ट्रकला टोल : महामार्गांचं बिल नेमकं कोण भरतंय?

१५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर खासगी कारसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीची किंमत ३,००० रुपये. त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. हिशोब केला तर एक टोल नाका सरासरी १५ रुपयांत पार होतो. सोशल मीडियावर किती पैसे वाचले याचे स्क्रीनशॉट फिरले, रील्स आल्या.

पण हा पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. ट्रक, टेम्पो, बस यांच्यासाठी काहीच बदललं नाही. त्यांचा टोल दर नाक्यावर पूर्ण कापला जातो.

मुंबईतही असंच झालं होतं. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन. हे नाके राज्य सरकारच्या अखत्यारीतले, पण तिथेही जड वाहनांचा टोल सुरूच राहिला.

म्हणजे सवलत कारला आणि वसुली ट्रककडून, ही दिशा स्पष्ट दिसते. ती बरोबर आहे का? ट्रककडून जास्त घ्यायला हवं का? आणि रस्त्याचा खर्च वसूल झाला तरी टोल बंद का होत नाही? एकेक मुद्दा पाहू.

रस्त्यासाठी पैसा येतो कुठून?

मुख्य वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे इंधन. पेट्रोल-डिझेलच्या दरातच रस्त्यांसाठीचा उपकर धरलेला असतो. दुसरी टोल. तिसरी म्हणजे सरकारी तिजोरी आणि कर्ज.

इंधनातून रस्त्यासाठी पैसे काढायची कल्पना जवळपास १०० वर्षं जुनी आहे, आणि तिच्याशी एका मराठी माणसाचं नाव जोडलेलं आहे. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने रस्तेविकासासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. मोटारी वाढतायत, रस्ते स्थानिक संस्थांना झेपत नाहीत, तर पेट्रोलवर जादा कर लावून त्याचा वेगळा निधी करा, अशी शिफारस या समितीने केली. त्यातूनच १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला.

पुढे २००० च्या कायद्याने या निधीला वैधानिक आधार मिळाला. २०१८ मध्ये नाव बदलून तो ‘केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी’ झाला. नावातच बदल लक्षात येईल. आता हा पैसा फक्त रस्त्यांचा राहिलेला नाही, इतर पायाभूत कामांनाही जातो.

टोलचं म्हणाल तर राष्ट्रीय महामार्गांवर वर्षाला ५० हजार कोटी रुपयांपेक्षा जास्त टोल जमा होतो. आकडा मोठा वाटतो. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाची तरतूद होती सुमारे २.८७ लाख कोटी. त्या तुलनेत टोलची रक्कम एक चतुर्थांशही भरत नाही. शिवाय हा सगळा टोल सरकारकडे जात नाही. ज्या रस्त्यांवर खासगी कंपनीने पैसे गुंतवलेत, तिथला टोल ती कंपनी घेते.

म्हणजे नवे महामार्ग निव्वळ टोलवर उभे राहतायत असं नाही. मोठा वाटा अजूनही सर्वसाधारण करांचा आणि कर्जाचा आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणावरचं, म्हणजे एनएचएआयवरचं कर्ज मधल्या काळात साडेतीन लाख कोटींच्या आसपास गेलं होतं.

टोलचा दर ठरतो कसा?

यासाठी २००८ चे नियम आहेत. त्यात चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यासाठी दर किलोमीटरचे मूळ दर दिलेत. २००७-०८ हे पायाभूत वर्ष.

- कार, जीप, व्हॅन : ६५ पैसे
- हलकी व्यावसायिक वाहनं, मिनीबस : १ रुपया ५ पैसे
- दोन ॲक्सलचा ट्रक किंवा बस : २ रुपये २० पैसे
- मल्टिॲक्सल ट्रक : ३ रुपये ४५ पैसे
- सात किंवा त्याहून जास्त ॲक्सलची अवजड वाहनं : ४ रुपये २० पैसे

दरवर्षी यात ठरावीक ३ टक्के आणि घाऊक महागाई निर्देशांकातल्या वाढीच्या ४० टक्के एवढी भर पडते. म्हणून १ एप्रिल आला की टोल वाढल्याची बातमी येते. आजचे दर या मूळ दरांच्या बरेच वर आहेत, पण वाहनांमधलं प्रमाण साधारण हेच आहे. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हा दर देशभर सारखा आहे. अमुक रस्ता बांधायला किती खर्च आला, यावर तो ठरत नाही. पूल, बोगदे, उड्डाणपूल असतील तर त्यांचा वेगळा हिशोब लागतो, इतकंच. जुलै २०२५ मध्ये तो हिशोबही बदलला आणि जिथे रस्त्याचा निम्म्याहून जास्त भाग पूल-बोगद्यांचा आहे तिथला टोल निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो.

मग खर्च वसूल झाल्यावर टोल बंद का होत नाही?

कारण टोल हा ‘या रस्त्याच्या कर्जाचा हप्ता’ आहे, अशी आपली समजूत असते. नियमात तो ‘वापर शुल्क’ आहे. म्हणजे रस्ता वापरताय, शुल्क भरा.

आधीच्या नियमात थोडा दिलासा होता. भांडवली खर्च वसूल झाला की टोल ४० टक्क्यांवर आणायचा, अशी तरतूद होती. २०२३ मध्ये ती बदलली. आता खर्च वसूल झाल्यानंतरही पूर्ण दराने टोल घेता येतो आणि त्यात दरवर्षी वाढही होते.

यामागे आर्थिक कारण आहे. तयार रस्त्यांचा टोल वसूल करण्याचा हक्क सरकार दीर्घ मुदतीने विकतं आणि एकरकमी पैसे घेतं. २०१८ मध्ये अशा पहिल्या व्यवहारात आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या सुमारे ६८० किलोमीटर रस्त्यांचे हक्क ३० वर्षांसाठी मॅक्वेरी या कंपनीला दिले गेले. किंमत होती ९,६८१ कोटी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, पण तिथेही २०२० मध्ये १० वर्षांच्या वसुलीसाठी आयआरबीकडून ८,२६२ कोटींचा व्यवहार झाला.

उद्याचा टोल आज विकून नवा रस्ता बांधायचा, असं हे गणित आहे. टोल बंद झाला तर विकायला काहीच उरणार नाही. त्यामुळे ‘टोलमुक्ती’ची घोषणा कितीही झाली तरी व्यवस्था उलट्या बाजूला चालली आहे.

ट्रक रस्ता जास्त खराब करतो, मग त्याने जास्त भरायला नको?

हा मुद्दा बिनतोड वाटतो आणि बऱ्याच अंशी खराही आहे.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यावर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक महिनोन्‌महिने फिरवण्यात आले. त्यातून एक ढोबळ नियम निघाला. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होते. याला चौथ्या घाताचा नियम म्हणतात.

तो आपल्याकडे लावून बघू. दीड टनाच्या कारच्या एका ॲक्सलवर पाऊण टन वजन येतं. ट्रकच्या मागच्या, चार टायरच्या ॲक्सलवर भारतात कायद्याने साडेअकरा टनांपर्यंत वजन चालतं. नियमाप्रमाणे झिजेतला फरक निघतो साधारण ५५ हजार पट. टोलमधला फरक मात्र साडेतीन ते साडेसहा पट.

म्हणजे ट्रककडून फारच कमी घेतलं जातंय का? इथे घाई नको. रस्त्याचा खर्च म्हणजे फक्त झीज नाही. जमीन, जादा लेन, उड्डाणपूल, सर्व्हिस रोड हा सगळा खर्च किती गाड्या आणि किती वेगाने जाणार यावर ठरतो. सहा लेन लागतात त्या गर्दीमुळे, आणि त्या गर्दीत कारचा वाटा मोठा असतो. जाड डांबर-काँक्रीटचा खर्च ट्रकच्या खाती, रुंदीचा खर्च मोठ्या प्रमाणात कारच्या खाती, असं ढोबळपणे म्हणता येईल. शिवाय ट्रक भरपूर डिझेल जाळतो. त्यावरचा उपकरही तो भरतोच.

खरी अडचण वेगळी आहे. आपला टोल वजन बघत नाही, ॲक्सल मोजतो. रिकामा ट्रक आणि क्षमतेएवढा भरलेला ट्रक, दोघांना टोल तोच. साडेअकरा टनांच्या ॲक्सलवर १४ टन लादले तर झीज दुपटीहून जास्त होते. ओव्हरलोडिंगला २०१९ पासून २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये असा दंड कायद्यात आहे. पण तो पकडला गेला तर.

नियम पाळून अर्धी गाडी भरणारा आणि ठासून भरणारा, दोघांना एकाच रांगेत उभं केलं की फायदा कोणाचा होणार हे सांगायला नको.

ट्रकचा टोल शेवटी आपल्याच खिशातून जातो ना?

जातो, पण किती? एक सोपं गणित करू. २५ टन कांदा भरलेला मल्टिॲक्सल ट्रक १,००० किलोमीटर गेला. मूळ दराने टोल झाला ३,४५० रुपये. किलोमागे १४ पैसे. दर दुप्पट धरा, २८ पैसे. ट्रक रिकामा परत आला आणि तो टोलही कांद्यावरच पडला तर ५६ पैसे.

म्हणजे टोलमुळे कांदा महाग होतो, हे म्हणणं फार ताणता येत नाही. खरा ताण येतो तो छोट्या ट्रकमालकावर. भाडं बाजारात ठरतं. मंदी असली की टोल वाढला तरी भाडं वाढत नाही. आणि फास्टॅगमध्ये पैसे आधी भरावे लागतात, तर भाड्याचे पैसे अनेकदा माल पोचल्यानंतर काही दिवसांनी हातात पडतात. ज्याच्याकडे एक-दोनच गाड्या आहेत, त्याला हे अंतर झेपत नाही. मग एक फेरी कमी करण्यासाठी जास्त माल भरण्याचा मोह होतो आणि रस्ता पुन्हा खचतो.

बाहेरच्या देशांत काय करतात?

स्वित्झर्लंडची पद्धत बघण्यासारखी आहे. तिथे कारला मोटरवेसाठी वर्षाला ४० फ्रँकचा स्टिकर घ्यावा लागतो, कितीही फिरा. ट्रकला मात्र २००१ पासून किलोमीटर, परवानगी असलेलं एकूण वजन आणि प्रदूषणाची श्रेणी या तिन्हींवर शुल्क लागतं, तेही फक्त मोटरवेवर नाही तर सगळ्या रस्त्यांवर. त्या पैशाचा मोठा भाग रेल्वेवर खर्च झाला. ५७ किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा त्यातलाच. मालाने रस्ता सोडून रेल्वेने जावं, हा उद्देश उघड होता.

जर्मनीने २००५ मध्ये १२ टन आणि त्यावरच्या ट्रकपासून सुरुवात केली. पुढे मर्यादा खाली आणत २०२४ मध्ये साडेतीन टनांवरच्या वाहनांपर्यंत नेली. डिसेंबर २०२३ पासून त्यात कार्बन उत्सर्जनाचं शुल्कही आलं. नाके नाहीत, मोजणी उपग्रह आणि गाडीतल्या यंत्रावर.

आपला वार्षिक पास वरवर स्विस स्टिकरसारखा दिसतो : कारला एकरकमी, ट्रकला अंतरावर. पण फरक मोठा आहे. तिथे मोटरवे वापरणाऱ्या प्रत्येक कारला स्टिकर सक्तीचा आहे. आपल्याकडे पास ऐच्छिक आहे. जो खूप फिरतो तोच घेणार, कारण फायदा त्याचाच. वर्षातून दोनदा गावी जाणारा पूर्ण टोल भरत राहणार. थोडक्यात, जास्त वापरणाऱ्याला दर फेरीला कमी आणि कमी वापरणाऱ्याला जास्त. ‘वापरेल तो भरेल’ या तत्त्वाच्या हे बरोबर उलटं आहे.

आणि पैसे भरून रस्ता कसा मिळतो?

केरळमधल्या त्रिशूर जिल्ह्यात पालियेक्करा इथे ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने टोलवसुलीच थांबवली. रस्त्याची कामं रखडलेली, कोंडी रोजची. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही त्यांची याचिका फेटाळली गेली. ६५ किलोमीटर जायला १२ तास लागणार असतील तर लोकांनी टोल का द्यावा, असा न्यायालयाचा सवाल होता. पुढे ऑक्टोबरमध्ये अटींसह वसुली पुन्हा सुरू झाली.

या प्रकरणाचं महत्त्व असं की टोलला ‘शुल्क’ म्हटलं की त्याबदल्यात सेवा द्यावी लागते. कराचं तसं नसतं. सरकारला टोल कायमचा हवा असेल, तर रस्ताही कायम चालण्याजोगा ठेवावा लागेल.

पुढे काय?

इलेक्ट्रिक गाड्या वाढतील तसा इंधनावरचा उपकर आटत जाईल. महाराष्ट्राने तर ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफीही दिली आहे. अशी गाडी ना उपकर भरते, ना तिथला टोल. न्यूझीलंडने हे ओळखून एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक कारलाही किलोमीटरप्रमाणे शुल्क लावलं.

भारतालाही कधीतरी अंतर आणि वजनावर शुल्क घेण्याकडे वळावं लागेल. फास्टॅग आहे, नाक्यांवर चालत्या गाडीचं वजन करण्याची यंत्रं बसवता येतात, त्यामुळे तांत्रिक अडचण फारशी उरलेली नाही. अडचण राजकीय आहे. कारवाला मतदार आहे, तो व्हिडिओ काढतो, नाक्यावर भांडतो. त्याला सूट देणं सोपं. ट्रकवाला राज्याबाहेर असतो, रात्री गाडी चालवतो, आणि त्याचा टोल आपल्याला बिलावर कुठे दिसत नाही.

१ एप्रिलला नवे दर लागू होतात तेव्हा बातमीत कारचे पाच-दहा रुपये ठळक असतात. तक्त्यात त्याच्या खाली मल्टिॲक्सलचा रकाना असतो. महामार्गांचं बिल कुणाकडे सरकतंय, ते त्या रकान्यात दिसेल.