कोचीत उतरलात, तर चेर्लाईला जा

क्रूझवरून बंदरात उतरायला मिळतं ते जेमतेम सात-आठ तास, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. या धास्तीने बहुतेक प्रवासी जहाजावरच सहलीचं तिकीट काढून मोकळे होतात. कोचीच्या सहलीत मासेमारीची चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, डच पॅलेस, सिनेगॉग, मसाल्याचं दुकान असं सगळं कोंबलेलं असतं. बस थांबते, फोटो होतात, पुन्हा बस. मला हे पटत नाही. चिनी जाळी तर निघताना डेकवरूनच दिसतात, कारण जहाज फोर्ट कोची आणि वायपीन यांच्या मधूनच समुद्रात जातं. तो वेळ मट्टनचेरीला द्यावा.

जहाज लागतं विलिंग्डन बेटावर. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने गेल्या शतकात बंदर खोल करताना निघालेल्या गाळाच्या भरावाने हे बेट घडवलं. रिक्षाने पूल ओलांडला की मसाल्याच्या जुन्या गोदामांचा रस्ता लागतो. 1341च्या महापुरानंतर मुझिरिस हे जुनं बंदर मागे पडलं आणि कोचीचं बंदर पुढे आलं, असं मानतात. तेव्हापासून इथे मिरी उतरते आणि चढते. एका गोदामाच्या अंगणात आलं वाळत पडलं होतं. दोन बायका उकिडव्या बसून हाताने ते उलटंपालटं करत होत्या. त्याचा झणझणीत वास पुढच्या वळणापर्यंत सोबत आला.

परदेशी सिनेगॉग 1568 सालचं. आत जाताना चपला काढाव्या लागतात, हे फार बरं. हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्यांचा गारवा थेट तळव्यांना लागतो. वाकून पाहिलं तर चित्रातल्या झाडाच्या फांद्यांवरून कुंचला कुठे जाड, कुठे बारीक फिरला तेही दिसतं. शेजारीच राजाच्या वाड्याचं, म्हणजे डच पॅलेसचं, देऊळ आहे. कोचीच्या राजाने ज्यूंना जागा दिली ती आपल्या दारालगत. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी सिनेगॉग बंद असतं. वार बघूनच बेत आखा.

पण मला खरं सांगायचंय ते मट्टनचेरीतल्याच चेर्लाईबद्दल. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कोकणी कुटुंबं इथे येऊन स्थिरावली. त्यांच्या तिरुमल देवस्थानाभोवतीच्या गल्ल्यांत आजही घराघरांत कोकणी बोलतात. पापड-लोणच्यांच्या एका दुकानात मी मोडक्यातोडक्या कोकणीत भाव विचारला. दुकानदारीणबाईंनी भाव सांगायच्या आधी माझं गाव विचारलं, मग आपली नणंद माटुंग्याला असते हे सांगितलं, आणि लोणच्याची बरणी उघडून चव घ्यायला लावली. त्यांची कोकणी मला सगळी कळली नाही, पण हेल ओळखीचा होता.

याच कोचीत 1675 साली रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या कोकणी बोलणाऱ्या तीन वैद्यांनी डच अधिकारी व्हान ऱ्हीडच्या वनस्पतिग्रंथासाठी आपली साक्ष कोकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिली. ईळव समाजातले इट्टी अच्युतन वैद्य या कामातले मोठे जाणकार. त्यांचीही साक्ष ग्रंथात आहे. ‘होर्तुस मलबारिकुस’चा पहिला खंड 1678मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाला, तेव्हा ती नागरी अक्षरं जशीच्या तशी छापली गेली. मुंबईत मराठी छपाई सुरू व्हायला अजून शंभराहून अधिक वर्षं होती. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

सहलीची बस सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर दाखवते. तो 1524मध्ये इथे वारला खरा, पण 1539 सालीच त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. ती कबर रिकामी आहे. चेर्लाई मात्र गजबजलेली आहे, आणि मुंबईहून सुटणाऱ्या, मराठी माणसांनी भरलेल्या जहाजावरच्या सहलींच्या यादीत तिचं नावसुद्धा नव्हतं. ते असायला हवं. तोवर आपणच रिक्षावाल्याला सांगावं, ‘तिरुमल देवस्थान, चेर्लाई’, आणि परतीच्या वेळेआधी तासभर हाताशी ठेवून निघावं.