दुकान तुमचे, पाटी कोणाच्या नावावर?

मागच्या जिल्हा बैठकीत जेवणाची सुटी झाली तेव्हा एका बचत गटाच्या दोघी बहिणी आमच्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी एक पावती काढली. रक्कम अठरा हजार रुपये. कशाबद्दल? तर 'वेबसाइट आणि गूगलवर पहिला नंबर, एक वर्ष'. गट ज्वारीचे पीठ आणि पापड विकतो, हिवाळ्यात हुरड्याची पंगतही बसवतो. फोनवरचा माणूस म्हणाला, मी थेट कंपनीतूनच बोलतोय. पैसे पोचल्यावर महिनाभर तो बोलत राहिला, आता फोन उचलत नाही.

आम्ही तिथेच मोबाईलवर ती वेबसाइट उघडली. एक भाकरी भाजून व्हावी एवढा वेळ उघडायलाच गेला. उघडली तर एक लांबच लांब चित्र. त्यात तोरण, कमळे, गटाचे नाव आणि 'उत्कृष्ट दर्जा, तत्पर सेवा'. फोन नंबरसुद्धा चित्रातच रंगवलेला. मग गूगलमध्ये 'ज्वारीचे पीठ' आणि तालुक्याचे नाव टाकले. गट कुठेच नाही. गटाचे पूर्ण नाव टाकले तेव्हा दिसला. ज्याला दुकानाचे नाव पाठ आहे, त्याला दुकान दाखवण्यात कसला आला पहिला नंबर?

अशा पावत्या आता बऱ्याच गावांत निघू लागल्या आहेत. बोगस बियाण्याची पिशवी आपण हातात घेऊन पाहू तरी शकतो. हा माल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याचे फावते. या अंकात नेहमीचे विषय थोडे बाजूला ठेवून याबद्दल लिहितो आहोत.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. कापूस वेचून जिनिंगवर घालणाऱ्या शेतकऱ्याला वेबसाइटचा काडीइतकाही उपयोग नाही. त्याचा भाव परदेशातल्या वायदेबाजारात, रुपया-डॉलरच्या दरात आणि सरकारच्या आयात-निर्यातीच्या धोरणात ठरतो. मोबाईलवर पाटी लावून क्विंटलमागे रुपया वाढत नाही, आणि तसे सांगणारा माणूस काहीतरी विकायला आला आहे असे समजावे. उपयोग आहे तो थेट खाणाऱ्याला किंवा वापरणाऱ्याला विकणाऱ्यांना: डाळ मिल, पिठाची गिरणी, हुरडा, रोपवाटिका, गादी-रजई, अवजारांची वेल्डिंग, शेतकरी उत्पादक कंपनीचे पाकीटबंद धान्य. अशी घरे आता प्रत्येक तालुक्यात आहेत. कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणूनच ती या धंद्यात उतरली. त्यांचे अठरा हजार जाणे म्हणजे एका हंगामाची कमाई जाणे आहे.

आता हे यंत्र चालते कसे ते पाहू. तुम्ही काही शोधता तेव्हा गूगल त्या क्षणी जगभर धावत नाही. त्याचे यांत्रिक कारकून आधीच रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरत असतात, मजकूर वाचतात आणि मोठ्या दप्तरात नोंदवून ठेवतात. तुमचा प्रश्न आला की ते दप्तर उघडले जाते. तुमचे पान दप्तरात चढलेच नसेल, तर नंबर पहिला की शंभरावा हा प्रश्नच उरत नाही. कारकुनाला अक्षरे वाचता येतात. चित्रातली अक्षरे तो कधी ओळखतो, कधी नाही, त्यावर विसंबू नये. बचत गटाच्या पानावर वाचण्यासारखे एक वाक्यही नव्हते. दप्तरात चढणार काय?

मग दप्तरातल्या हजार पानांपैकी वर कोणते? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले दोन विद्यार्थी. त्यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली ती याच प्रश्नाच्या उत्तरावर. त्यांची युक्ती आपल्या बैलबाजारातलीच आहे. धनी आपल्या बैलाची तारीफ करणारच, ती कोण ऐकतो? शहाणा गिऱ्हाईक शेजारपाजारी विचारतो, आणि त्यातही ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे त्याला विचारतो. तसेच, दुसऱ्या किती पानांनी तुमच्या पानाकडे बोट दाखवले आणि ते बोट कोणाचे, हे गूगलने मोजायला सुरुवात केली. आज त्यात आणखी शेकडो गोष्टी मिळाल्या आहेत, पण मूळ विचार तोच राहिला आहे.

लगेच भेसळ सुरू झाली. एकच शब्द पानावर दोनशे वेळा लिहायचा, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहून लपवायचा, पैसे देऊन बोटे विकत घ्यायची. गूगलने २०११ साली पांडा आणि २०१२ साली पेंग्विन या नावांनी चाळण्या लावल्या आणि असली पाने तळाला ढकलली. वर पांढरा कापूस आणि आत कवडी भरलेली गाडी ग्रेडरने एकदा पकडली, की पुढच्या चांगल्या गाडीकडेही तो संशयाने पाहतो. 'आम्ही तुम्हाला पाचशे लिंका देतो' म्हणणारा माणूस तुमच्या गाडीत कवडी भरतो आहे. तो निघून जातो, गाडी तुमच्या नावावर राहते.

'पहिला नंबर' या शब्दाचा खुलासा करून टाकू. शोधल्यावर सगळ्यात वर काही ओळी येतात, त्यांच्यावर 'प्रायोजित' अशी खूण असते. त्या जाहिराती. त्यांचा लिलाव होतो, ही पद्धत गूगलने २००२ सालापासून आणली. कोणी बोट लावले की पैसे कापले जातात, पैसे संपले की पाटी उतरते. त्याखालच्या ओळी मात्र विकत मिळत नाहीत. पहिल्या नंबराची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या सूचनांत लिहून ठेवले आहे. हमी देणारा खोटे बोलतो, एवढे ओळखले तरी अठरा हजार वाचतात.

जाहिरात वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. उत्पादन खर्च काढल्याशिवाय करू नये, एवढेच. समजा एका बोटाचे सहा रुपये पडतात आणि तीस जणांनी बोट लावल्यावर एक जण घेतो. म्हणजे एक गिऱ्हाईक एकशे ऐंशी रुपयांना पडले. पाच किलो पिठावर तुम्हाला साठ रुपये सुटत असतील तर दर विक्रीला एकशे वीस रुपये घरचे घालता आहात. तेच दहा जणांची हुरड्याची पंगत आली आणि खर्च जाऊन दीड हजार उरले, तर एकशे ऐंशी परवडतात. तेव्हा हुरड्याची जाहिरात करा, जवळच्या शहरापुरती, हंगामापुरती. पिठाची करू नका.

बहुतेकांना सुरुवातीला वेबसाइटही लागत नाही. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करता येते. त्याला एक पैसा लागत नाही. नाव, धंद्याचा प्रकार, वेळ, फोन, फोटो भरायचे. मग पडताळणी होते, अनेकदा व्हिडिओ मागतात: रस्ता दाखवा, पाटी दाखवा, गिरणी दाखवा. ही नोंद कोणाला वर दाखवायची हे तीन गोष्टींवर ठरते, असे गूगल सांगते: शोधणाऱ्याच्या प्रश्नाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हाती नाही. हिंगणघाटची डाळ मिल पुण्यात 'जवळची डाळ मिल' म्हणून दिसणार नाही, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पण आजूबाजूच्या वीस गावांत आणि तालुक्याच्या गावी ती दिसलीच पाहिजे. आपल्याकडे अडचण खुणेची होते. गावाला घरनंबर नाही, म्हणून नकाशावरची टाचणी ग्रामपंचायतीवर नाहीतर थेट नाल्यात जाऊन पडते. टाचणी स्वतः उभे राहून जागेवर आणावी. घरूनच माल पोचवत असाल तर घराचा पत्ता झाकून फक्त कोणत्या भागात माल देता तेवढे लिहिता येते. बायकांच्या गटांनी हे जरूर करावे. नाव जे पाटीवर आहे तेच लिहावे. नावातच 'स्वस्त उत्तम ज्वारी पीठ' कोंबणाऱ्यांची नोंद बंद पडते.

वेबसाइट करायचीच असेल तर गिऱ्हाईक फोनवर काय विचारते ते आठ दिवस वहीत लिहा. तीच तुमची पाने. 'उत्कृष्ट दर्जा' असे शोधणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. लोक शोधतात 'हुरडा पार्टी नागपूरजवळ', 'ज्वारीचे पीठ घरपोच', 'दादर ज्वारी'. बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टाकतात, आणि ज्वारीची स्पेलिंगे तीन-चार तऱ्हांची. ती दोन-तीन रूपे वाक्यात सहज येऊ द्या. भाव काय, कमीत कमी किती किलो, दळले कधी, मालदांडी की दादर, हे साध्या वाक्यांत लिहा. एका मालाला एक पान. आणि जे नाही ते लिहू नका. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते नाव त्या भागातल्या शेतकऱ्यांचे आहे. आपल्या ज्वारीला आपल्या गावाचे नाव लावा.

या बाबतीत आपल्या बायकांकडे जे भांडवल आहे ते कोणत्याही एजंटाकडे नाही. शहरातली एखादी सून रात्री मोबाईलवर विचारते, 'ज्वारीची भाकरी थापताना का फुटते?' मराठीत याचे नीट उत्तर देणारी पाने थोडी आहेत. चाळीस वर्षे भाकरी थापलेली बाई सांगेल: ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ जुने झाले की तुटते, म्हणून ताजे दळलेले घ्यावे, उकळते पाणी घालून मळावे, आणि एका भाकरीचेच पीठ रगडून लगेच थापावे. हे तिच्याच बोलीत, तिच्या हातांच्या फोटोसह पानावर घाला. खाली लिहा: 'आम्ही मंगळवारी दळतो, बुधवारी पाठवतो.' अशा पानाकडे दुसरे लोक आपण होऊन बोट दाखवतात. दुसऱ्याच्या पानावरून उचललेल्या मजकुराकडे कोणी दाखवत नाही.

फोटो लहान करून घाला. मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो काहीशे केबीत बसतो. गूगल आता वेबसाइटचे मोबाईलवर दिसणारे रूपच वाचते, आणि गिऱ्हाईकही रेंज नसलेल्या बसमध्ये बसलेले असते. हुरड्याचे पान दिवाळीआधी चढवा. दप्तरात नोंद व्हायला कधी दिवस, कधी आठवडे लागतात. ग्राहकाला अभिप्राय लिहायला सांगा, पण नवऱ्याच्या नि भाच्याच्या नावाने स्वतः लिहू नका. खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली मानकही काढले आहे. कोणी तक्रार लिहिली तर भांडू नका, काय झाले आणि काय केले ते दोन ओळींत लिहा. वाचणारा तक्रारीपेक्षा उत्तर जास्त पाहतो.

आता पाटीच्या सातबाऱ्याकडे येऊ. बचत गटाच्या वेबसाइटचे नाव कोणाच्या खात्यावर नोंदलेले निघाले? त्या फोनवाल्याच्या. नकाशावरची नोंदही त्याच्याच ईमेलवर. म्हणजे गटाने अठरा हजार देऊन दुसऱ्याच्या वावरात विहीर खोदली. वेबसाइटचे नाव दरवर्षी पैसे भरून पुढे चालवावे लागते, आणि ज्याच्या खात्यावर ते आहे तोच मालक. काम कोणाकडूनही करून घ्या, पण नाव, नकाशाची नोंद आणि पासवर्ड गटाच्या ईमेलवरच असले पाहिजेत, पासवर्ड गटाच्या दप्तरात कुलपात. फुकटच्या जागेचाही भरवसा नाही. नकाशाच्या नोंदीसोबत गूगल छोटी वेबसाइट फुकट द्यायचे, ती सोय मार्च २०२४ मध्ये त्यांनी बंद केली. ज्यांची तेवढीच पाटी होती त्यांची ती उतरली.

एकाच फाटकातून सगळा माल जाण्याचे दुखणे आपल्याला नवे नाही. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना ते समजावून सांगायला नको. गूगलने आपल्याच सेवा शोधात पुढे केल्याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये १३५.८६ कोटी रुपये दंड ठोठावला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयानेही शोधातली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवल्याचा निकाल दिला. त्याच महिन्यात भारतात शोधाच्या वर यंत्राने जुळवलेली उत्तरे दिसू लागली. वाचणाऱ्याला तिथेच उत्तर मिळते, मग तो तुमच्या पानावर येतोच असे नाही. कपाशीत आपण तुरीचे तास उगीच टाकत नाही. पाकिटावर गावाचे नाव आणि फोन छापा, प्रत्येक गिऱ्हाईकाचा नंबर वहीत ठेवा, दळण निघाले की त्याला व्हॉट्सॲपवर कळवा. ती वही कोणती कंपनी बंद करू शकत नाही.

त्या दोघी बहिणींनी जुन्या वेबसाइटचा नाद सोडला आहे. गटाच्या ईमेलवर नकाशाची नोंद केली, व्हिडिओ चालत्या गिरणीसमोर काढला, आवाजात काही ऐकू येत नव्हते तरी तो मान्य झाला. पुढच्या बैठकीला त्या येणार आहेत. ज्यांचा असा धंदा आहे त्यांनी सकाळी एक तास आधी यावे. येताना चार्ज केलेला मोबाईल, धंद्याच्या पाटीचा फोटो, गिऱ्हाईकांच्या प्रश्नांची आठ दिवसांची वही आणि कोणाला पैसे दिले असतील तर त्याची पावती आणावी.